मदत कुठे ठेवायची?

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त हवा, निदान त्याचे केस तरी पिकलेले हवेत. माझ्याकडे दोन्ही नाही. तरीही लिहायला बसले आहे, कारण थांबले तर राग निवेल, आणि निवलेल्या रागाच्या आठवणी गोड होतात. मला या गोड करायच्या नाहीत.

मी पनवेलला एका लहान कंपनीत मोबाईलवरची ॲप आखते. कोड अफरोज लिहितो. कुठलं बटण कुठे असेल आणि ते दाबल्यावर माणूस कुठे पोचेल, एवढंच मी ठरवते. हे काम नातेवाइकांना सांगता येत नाही. आत्या विचारते, "म्हणजे कॉम्प्युटरच ना?" मी हो म्हणते आणि विषय संपतो. वडिलांनी मात्र पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं. "म्हंजे तू पाट्या लावतेस," आबा म्हणाले. "वाट कुठं जाते त्याच्या."

आबा जन्मभर पनवेलच्या एका छापखान्यात होते. दिवसभर लग्नपत्रिका, आणि मालक घरी गेला की पत्रकं. आमच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या तेव्हापासून आमच्या घरात पत्रकं कधी संपली नाहीत. बिघडलेल्या प्रती घरी यायच्या. फळीवर पत्रक, डब्याखाली पत्रक, माझ्या भूगोलाच्या वहीला 'चलो चिरनेर' अशा मोर्चाच्या पत्रकाचं कव्हर. बाराखडी पुरी व्हायच्या आत मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले होते. आबांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला अक्षरओळखीबरोबरच शिकवला: "मागनी पहिल्या पानावर. आतल्या पानावर टाकलेली मागनी कुनी वाचत नाय, आनि देनारा तर नायच नाय."

माझ्या धंद्याचा पाया हाच आहे, फक्त कागदाच्या जागी काच आली.

ज्यांनी कधी विचार केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुठलंही ॲप उघडा. खाली एक पट्टी असते, तिच्यावर चार-पाच चित्रं आणि खाली नावं. त्यांना आम्ही टॅब म्हणतो. ॲप हे घर मानलं, तर टॅब म्हणजे त्या घरातल्या खोल्या. कुठूनही कुठल्याही खोलीत एका बोटात जाता आलं पाहिजे. वरती दुसरी पट्टी असते, टूलबार. तिच्यावर त्या-त्या खोलीतली अवजारं: शोधा, पाठवा, पुसा. स्वयंपाकघरात विळी, मोरीत घमेलं. खोली बदलली की अवजारं बदलतात, खोल्यांची पट्टी मात्र जागची हलत नाही. आणि वरच्या पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन टिंबं असतात. तो माळा. जे फेकता येत नाही आणि रोज लागतही नाही, ते माळ्यावर.

खोल्या पाचच्या वर नकोत, कारण अंगठा तेवढाच आहे. खोलीच्या पट्टीत काम घुसवायचं नाही. आणि प्रत्येक खोलीने आपली आठवण ठेवायची: तुम्ही एका खोलीत काही वाचत होतात, दुसरीत जाऊन आलात, तर परत तिथेच यायला हवं, दारापासून सुरुवात नको. नियम एवढेच आहेत. आणि या नियमांसाठी मी जितकी भांडले आहे तितकी सख्ख्या भावाशी भांडले नाही.

गिऱ्हाइकं अजब भेटतात. आमच्याच बाजूच्या गावातले एक शेठ, जमिनीच्या पैशांतून बिल्डर झालेले, आपल्या टॉवरमधल्या रहिवाशांसाठी ॲप करून घ्यायला आले. पट्टीतला मधला टॅब त्यांना स्वतःच्या फोटोचा हवा होता.

"तो दाबल्यावर काय उघडायचं, शेठ?"

"काय नाय. फोटो मोठा व्हायला पायजे."

"पण रहिवाशाला त्याचा उपयोग काय?"

"अगो, घर कोनी दिलं ते नको का दिसाया?"

मी तावातावाने टॅब म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तू त्या छापखानेवाल्याची ना? आमच्या वाटनीची जमीन वाचवाया तुज्या बापाची पत्रकं मी वाटलीत." फोटो शेवटी मधल्या टॅबवरच गेला. अफरोज आजही माझ्यावर चिडला की म्हणतो, "जाने दो मॅडम, शेठचा फोटो मोठा करू का?"

आता खरी गोष्ट.

खारघरला पाटकर मॅडमची एक एजन्सी आहे. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या झालेल्या माणसांसाठी त्या घरोघर बायका पाठवतात. मॅडम स्वतः नर्स होत्या, पहिली काही वर्षं स्वतःच घरं धरून काम करायच्या, म्हणून मला त्या आवडायच्या. आम्ही त्यांच्या बायकांसाठी ॲप केलं. खाली चार टॅब: आजचं काम, पगार, रजा, मदत. 'मदत' उघडलं की ऑफिसला लिहून किंवा बोलून निरोप पाठवता येई. शेवटच्या टॅबसाठी मी जीव टाकला होता. परक्या घरात, बंद दारामागे, एकटी बाई. तिच्या मागणीची जागा पहिल्या पानावरच.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. "वृषाली, ते 'मदत' खालून काढ गं. वरच्या तीन टिंबांत टाक. तिथे 'ऑफर' येऊ दे, साबण-डायपरवाल्यांची जाहिरात मिळतेय."

मी रिक्षा करून थेट त्यांच्या ऑफिसात गेले. फोनवर मला भांडता येत नाही, हात मोकळे लागतात.

"मॅडम, तीन टिंबं म्हणजे माळा. पडलेल्या म्हाताऱ्याला उचलता येत नाहीये अशा वेळी बाईने शिडी शोधायची का?"

"अगं, पडलेल्या म्हाताऱ्यासाठी कोण लिहितंय? लिफ्ट बंद आहे, मदत. टीव्हीचा रिमोट सापडत नाही, मदत. सुनेने चहात साखर कमी घातली, मदत! निरोप वाचून वाचून माझी ऑफिसातली एक पोरगी नोकरी सोडून गेली."

"मग माणसं वाढवा."

"तू देणार त्यांचा पगार?"

"कमी निरोप यावेत म्हणून दार लपवायचं, म्हणजे त्रास संपला असं नाही होत मॅडम. त्रास दिसायचा बंद होतो. सरकारी ऑफिसात हेच करतात, तक्रारपेटी माळ्यावर ठेवतात. त्यांच्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो."

"माझ्याविरुद्ध पण काढ," मॅडम म्हणाल्या, पण हसल्या. "हट्टी आहेस. राहू दे खाली. पण मग नीट तरी कर. उत्तर दिलेलं बायका बघतच नाहीत, पुन्हा पुन्हा फोन करतात."

हे मला पटलं. अफरोजला सांगून ऑफिसचं उत्तर आलं की 'मदत' टॅबवर लाल टिंब उमटेल अशी सोय केली. लाल टिंब दिसलं की बोट तिथे जातंच, हे जगात सगळ्यांना माहीत आहे. दाबलं की खोलीच्या आठवणीच्या नियमाप्रमाणे थेट तोच निरोप उघडायचा आणि त्याखाली उत्तर. एका बोटात. त्या आठवड्यात मी ऑफिसात शीळ घालत फिरत होते.

मग कुंदाताई आली.

कर्नाळ्याच्या पायथ्याशी तिचं गाव. एसटी स्टँडवरून चौकशी करत करत ती आमचा जिना चढून आली होती. पन्नाशीची, खांद्यावर पिशवी, हातात फोन पुढे धरलेला, जणू फोनलाच काही लागलं आहे.

"ॲपवाली मॅडम कोन?"

"मीच. वृषाली."

"ही खालची मदत हाय ना, ती काढ. वर टाक. टिंबांत बिंबांत, लपव कुठं तरी."

पाटकर मॅडमचंच वाक्य, पण या तोंडून! मला वाटलं तिला त्यांनीच पाठवलं. मी जरा कडक आवाजात विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी सांगायला कशाला पायजे? माजं कामाचं घर हातचं चाललंय."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती खुर्चीच्या टोकाला बसली आणि मग सगळं बाहेर आलं.

खारघरच्या एका टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर, ती आप्पांना सांभाळते. आप्पा हिंडतेफिरते आहेत, पण विसरतात. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात आणि जाताना बाहेरून कुलूप लावतात. आत आप्पा आणि कुंदाताई, संध्याकाळपर्यंत. एकदा शेजारच्या घरात कुकरचं काही झालं आणि जिन्यात धूर भरला. सगळे मजले खाली उतरले. कुंदाताई आतून दार वाजवत राहिली. धूर आपोआप निवळला म्हणून काही झालं नाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा 'मदत' दाबलं आणि बोलून निरोप पाठवला: बाहेरून कुलूप लावू नका असं घरच्यांना सांगा.

ऑफिसचं उत्तर आलं, "बघतो." लाल टिंब उमटलं.

"मग?"

"मग काय, संध्याकाली फोन दिला सूनबाईकडं."

"फोन का दिलात?"

"हजेरीला. सगल्याच देतात."

आता हजेरीचं सांगते. काम संपलं की घरच्यांच्या फोनवर चार आकडे येतात. ते बाईने विचारून स्वतःच्या ॲपमध्ये टाकायचे, असं मी कागदावर आखलं होतं. पण परक्या घरात आकडे विचारायचे, मोठ्याने म्हणायला लावायचे, चुकले की पुन्हा विचारायचे, हे कुठल्याच बाईला बरं वाटत नव्हतं. ते दिसतं हिशेब मागितल्यासारखं. त्यापेक्षा फोन अदबीने दोन हातांनी पुढे करायचा, "ताई, तेवढं टाका ना." हळदीकुंकवाचं ताट पुढे करतात तसा. सगळ्या घरांत हाच रिवाज पडला होता.

म्हणजे रोज संध्याकाळी, न चुकता, कामवालीचा फोन मालकिणीच्या हातात. आणि खालच्या पट्टीवर लाल टिंब.

सूनबाईने दाबलं. कोण नाही दाबणार? आणि खोलीने आपली आठवण चोख ठेवली होती. कुंदाताईचा आवाज त्या हॉलमध्ये वाजला.

"काय म्हणाल्या त्या?"

"काय नाय. फोन परत दिला. मंग बोलल्या, आमच्या घरातल्या गोष्टी ऑफिसात सांगतेस होय? पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बगतो." तिने पदराने फोनची काच पुसली. "घर बरं हाय गो. आप्पा मला माज्या आयेच्या नावानं हाक मारतात. माजी पोरगी तितंच जवल नर्सिंग शिकते, संध्याकाली दोघी बरोबर घरी जातो. मला घर सोडाया नाय परवडत. म्हनून सांगते, लपव ती मदत. आमी शोधू. आमाला सवय हाय."

"आणि कुलूप?"

"कुलूप राहू दे," ती उठत म्हणाली. "रोज थोडाच धूर होतोय."

ती गेल्यावर मला खुर्चीत बसवेना. मी वडाळे तलावाला एक फेरी मारली, मग दुसरी. पाटकर मॅडमना मी काय काय ऐकवलं होतं! आणि जिच्यासाठी ऐकवलं, ती तेच मागत होती. खाली ठेवावं तर तिचं काम जातं. वर लपवावं तर धूर झाला तेव्हा ती शोधत बसते. माझे सगळे नियम एकेक करून तपासले. प्रत्येक नियम बरोबर होता. त्यानेच जास्त संताप येत होता.

घरी आबा दाराशी मच्छी निवडत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि वर त्यांनाच धरलं, "मागणी पहिल्या पानावर, तुम्हीच शिकवलंत ना? काय झालं बघा."

"ओरडतेस कशाला? मी बहिरा नाय झालो." त्यांनी बोंबलाचं डोकं उडवलं. "पहिल्या पानावर, हां. पन पत्रक कुनाच्या हातात पडनार ते बगून."

"म्हणजे?"

"बायकांची सभा होती आपली, जमिनीची. पुरुषांनी बायकांना सोडाया पायजे ना? घरात पत्रक आलं की सासराच फाडायचा. मंग मी काय केलं? पत्रकाला घडी घातली. वरच्या घडीवर गनपतीचं चित्र आनि 'हलदीकुंकवाला येनेचे करावे'. घरोघर गेलं. कुनी अडवलं नाय. बाईनं एकटीनं उघडलं की आत पहिल्याच ओलीत, आमच्या सहीशिवाय जमीन इकायची नाय." ते मिश्कील हसले. "मागनी पहिल्याच ओलीत होती. घडी तेवडी वरून घातली."

"हे आधी कधी नाही सांगितलंत."

"तू कधी इचारलंस? तू आल्यापासून भाषनच देतेस. जा, हात धू, आनि कांदा काप."

दुसऱ्या दिवशी मी अफरोजच्या टेबलाशी जाऊन एक कागद उलगडला आणि पुन्हा मिटला. कुंदाताईचं आणि आबांच्या घडीचं सांगितलं, पुढचं त्याला समजवावं लागलं नाही. "हजेरीचा स्क्रीन वेगळा काढायचा," तो म्हणाला. "खालची पट्टी गायब, वरची गायब. टिंब गायब. फक्त पेशंटचं नाव आणि चार आकडे."

"आणि आकडे टाकून झाल्यावर?"

"आभारी आहोत. बस. पुढे जायला बाईच्या अंगठ्याचा ठसा. तोपर्यंत फोन सूनबाईच्या हातात असला तरी ती देवडीवरच उभी."

"देवडी! वा अफरोज."

"अम्मी बोलती है ना, मेहमान को दहलीज पे रखो, पाणी द्या, अंदर मत लाव," तो म्हणाला आणि लगेच कामाला लागला.

'मदत' खालच्या पट्टीतच राहिली. मी ती एक तसूही हलू दिली नाही. घडी तेवढी वरून घातली.

पण कुलूप अजून दारालाच होतं. ते कुठल्याच पट्टीत नव्हतं. मी पुन्हा पाटकर मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तुझा बदल झाला ना? मग आता काय?"

"आता कुलूप. सगळ्या घरांना एक निरोप पाठवा. बाई आत असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही."

"सगळ्या घरांना? एका घराचा प्रश्न आहे. मी त्यांच्याशी बोलते."

"एका घराला सांगितलंत तर ती कुंदाताईची चहाडी होते. सगळ्यांना सांगितलंत तर तुमचा नियम होतो."

"घरं सोडून जातील, वृषाली. तुला ॲप करायला सांगितलं होतं, एजन्सी चालवायला नाही." त्यांचा आवाज चढला. "आणि लोक हौसेने कुलूप लावत नाहीत. म्हातारी माणसं निघून जातात. माझ्या सासूबाई एकदा नाईटगाऊनवर पार हायवेपर्यंत गेल्या होत्या, माहीत आहे? आम्हीही कुलूप…"

त्या तिथेच थांबल्या.

मॅडमनी टेबलावरचा फोन उचलला, खाली ठेवला, खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बघितलं. तिथल्या कितीतरी दारांमागे त्यांच्याच बायका होत्या.

"मी नर्स असताना," त्या म्हणाल्या, "वॉर्डला कुलूप असायचं. पण किल्ली आमच्या कमरेला असायची." मग कोरडेपणाने, "लिही. तूच लिही. तुला पत्रकं काढायची हौस आहे ना."

म्हणून मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. निषेध नाही, धिक्कार नाही, एक घोषणाही नाही. पहिल्याच ओळीत मागणी: दाराला कुलूप लावायचं असेल तर आतून लावावं, आणि किल्ली काळजी घेणाऱ्या बाईकडे असावी. दुसऱ्या ओळीत, हा नियम सगळ्या घरांना लागू आहे. तिसरी ओळ लिहिली होती, जरा तिखट. मॅडमनी ती खोडली. मी पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा खोडली. ती आजही मला आठवते, आणि नसली ते बरंच झालं, हेही कळतं. कबूल करायला मात्र जड जातं.

काही घरांनी खरंच एजन्सी सोडली. मॅडम ते मला अधूनमधून ऐकवतात. बाकीच्या दारांचं काय झालं, कुणी नियम पाळला, कुणी वाचून फोन उलटा ठेवला, हे माझ्या काचेवर दिसत नाही. 'मदत'मध्ये निरोप येतात, वाढलेत. चहात साखर कमी आहे, हे अजून येतं.

कुंदाताईचं मात्र मला कळलं, तिनेच फोन करून सांगितलं. निरोप गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी सूनबाई पर्स उचलून दाराकडे निघाली तेव्हा कुंदाताई तिच्या मागे दारापर्यंत गेली आणि नुसता हात पुढे केला.

"काय बोललात?"

"काय नाय बोलली. हात केला. त्यांनी माज्याकडं बगितलं, मी आप्पांकडं बगितलं. मंग दिली किल्ली. आता बोलत नाय माज्याशी. चहाचा कप पन येगला ठेवलाय. पन दुसरी बाई बगायचं नाय काडलं परत."

वेगळ्या कपाचं ऐकून मी पुन्हा पेटले. ती म्हणाली, "तू ऱ्हा गप. कप माजा मी बगते."

गेल्या महिन्यात हजेरीचा नवा स्क्रीन प्रत्यक्ष हातात कसा चालतो ते बघायला मी खारघरला गेले. आता मी आखण्याआधी जाऊन बघते, कोण कुणाच्या हातात फोन देतंय. बारावा मजला. सूनबाई अजून कामावरून यायची होती. मी बेल दाबली. आतून सपातांचा आवाज आला, आप्पांचं काहीतरी मोठ्याने चाललेलं, मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज, आतल्या बाजूने.

दार उघडलं. कुंदाताईने किल्ली पुन्हा कमरेला खोचली.

मी उंबऱ्यातच उभी राहून त्या कुलपाकडे बघत होते. ती वैतागली.

"चपला घे आत, बाय. मला दार लावायचंय."